मच्छू टाईल्स का विकले नाहीत?

१

हितेन चंदाराणाने माझ्या शेअर दलालीच्या पेढीत येऊन टेबलावर बिल आपटलं तेव्हा गाठियाचा पहिला घास माझ्या तोंडात होता. बुधवारची सकाळ, बाजार उघडायला अजून वीस मिनिटं.

"किरीटभाई, खाणं नंतर. आधी हे वाचा."

मी वाचलं. सोमवारच्या तारखेचं बिल, जमनादास चंदाराणांच्या, म्हणजे आमच्या जमुकाकांच्या नावाचं. पाच कंपन्यांचे शेअर विकलेले, आणि भाव सगळे तळातले. घास तसाच गिळला.

सोमवार म्हणजे कुठला, हे राजकोटात कुणाला सांगावं लागत नाही. दोन हजार चारच्या मे महिन्यातला तो सोमवार. बाजार उघडला तोच कोसळला, इतका की व्यवहार थांबवावे लागले. पुन्हा उघडला, पुन्हा कोसळला, पुन्हा थांबवले. त्या दोन थांब्यांच्या मधल्या थोड्या वेळात ज्याने विकलं त्याने सोनं भंगाराच्या भावात घातलं, कारण दुपारी भाव सावरले आणि मंगळवारी तर उसळलेच.

आणि काकांचं बिल नेमकं त्याच वेळेचं होतं. चार लाखांचा फटका.

जमुकाकांनी असं विकावं? मी माझ्या मिशा उतरवल्या असत्या, पण यावर विश्वास ठेवला नसता. बहात्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं बाजारात. रोज सकाळी आमच्या खोलीत पहिल्या रांगेत बसणार, चहा बशीत ओतून पिणार. मुंबईवाले बातमी बघून सौदा करतात, अहमदाबादवाले मुंबईकडे बघून. माझ्या खोलीतले चाळीस जण जमुकाकांचं तोंड बघून करायचे, आणि मला त्या खोलीचा फार अभिमान होता. सोमवारी पहिला थांबा लागला तेव्हा सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले होते. काका उठले, अंगरखा झटकला, "चहा पिऊन येतो," म्हणाले, अर्ध्या तासाने परत आले आणि हसत बसले. त्या एका हसण्यावर माझ्या खोलीतल्या एकानेही त्या दिवशी विकलं नाही. शेजारच्या पेढ्यांत माणसं रडत होती.

हितेनच्या मागे दारात काका उभे होते. हितेन त्यांचा पुतण्या, अहमदाबादेत असतो, महिन्याभरापासून इथे मुक्कामाला होता. टपाल त्यानेच उघडलं होतं.

"काका," मी विचारलं, "तुम्ही सांगितलं होतंत विकायला?"

चाळीस माना त्यांच्याकडे वळल्या. काकांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"मी?" ते म्हणाले. "मी नाही सांगितलं."

मग त्या चाळीस माना दुसरीकडे वळल्या. सौदे टाकायच्या संगणकावर, टर्मिनलवर, रक्षा बसली होती.

२

रक्षा मकवाणाला मी जानेवारीत ठेवलं होतं. तिचे वडील भीखुभाई, भक्तिनगरच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांच्या घरातली कॉलेज शिकलेली ही पहिली मुलगी, आणि आमच्या रस्त्यावरच्या पेढ्यांत टर्मिनलवर बसलेलीही पहिलीच. बोटं अशी चालायची की जुने लोक भाव बघायचे सोडून तिची बोटं बघायचे.

"फोन आला होता," ती उभी राहून म्हणाली. "पहिला थांबा चालू असताना. काकांचा आवाज. म्हणाले, उघडलं की विक. मी लिहून घेतलं, उघडल्यावर टाकलं."

"आपला नियम काय आहे?" मी विचारलं. फोनवरचा सौदा मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, म्हणजे चार कानांवर पडतो.

"ते म्हणाले, परत म्हणू नकोस. नुसतं लिही."

"वा!" हितेन टाळी वाजवून म्हणाला. "काय सोयीचं आहे! अहो, काका बसतात तिथून हिची खुर्ची दहा हातांवर. चहाला गेलेला माणूस परत येऊन कानात सांगेल की बाहेरून फोन करेल?"

चार-दोन माना डोलल्या. माझीही डोलली.

"शनिवारी बारा वाजेपर्यंत हिने कबूल करावं, की कुणाला तरी स्वस्तात मिळावेत म्हणून हिने स्वतःच विकले," हितेन म्हणाला. "नाहीतर मी पोलिसांत जातो. लेथवाल्याच्या पोरीच्या हातात लाखांचे शेअर दिलेत, भोगा आता."

काकांनी चहा मागवला, पण प्यायले नाहीत.

मी रक्षाला बाजूला घेतलं. म्हटलं, "चार दिवस घरी थांब."

"मी घरी बसले की मी चोर ठरले, किरीटभाई. मला इथेच बसू द्या."

"टर्मिनलवर नाही बसवू शकत."

"मग स्टुलावर बसते."

आणि बसली. मान ताठ, हात मांडीवर. लोक येता-जाता बघत होते, काही जण मुद्दाम मोठ्याने बोलत होते. मी काय करत होतो? मी माझी पेढी वाचवत होतो. ते आज सांगताना बरं वाटत नाही.

बाजार बंद होता होता जिन्यावर अडकित्त्याचा आवाज आला. सुपारी कातरत कातरत कुणीतरी वर येत होतं.

"किरीटभाई," दारातून हाक आली, "माझ्या विद्यार्थिनीला स्टुलावर कुणी बसवलं?"

३

हंसाबेन बुच. मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. सुती साडी, कमरेला सुपारीची पिशवी, खाली ल्युना उभी. माझ्याकडे त्यांचं खातं होतं, एका वेळी दहा शेअर घ्यायच्या, जास्त नाही. नागर ब्राह्मण बाई, जिभेला धार. एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही भाव बघता. मी भाव बघणाऱ्याला बघते. माझा खेळ स्वस्तात होतो."

त्यांनी रक्षाला माझ्या केबिनमध्ये बोलावलं, मलाही बसू दिलं.

"चिठ्ठी आहे ना लिहून घेतलेली?"

रक्षाने वहीतला कागद काढला. हंसाबेननी चष्मा चढवला. "भादर सिमेंट चारशे नव्व्याण्णव. आजी बेअरिंग दोनशे नव्व्याण्णव. ऊंड फार्मा तीनशे नव्व्याण्णव. आणि या दोन पूर्ण दोनशे, दोनशे. किरीटभाई, काकांच्या खात्यात किती होते?"

मी खातं उघडलं. भादर पाचशे, आजी तीनशे, ऊंड चारशे.

"तिन्ही ठिकाणी एकेक शेअर मागे ठेवला. का गं?"

"त्यांनी तसेच आकडे सांगितले, बेन. मी विचारलं नाही."

"आणि खात्यात अजून तीन कंपन्या दिसतात, त्यांना हातच लावला नाही. मच्छू टाईल्स, शेत्रुंजी पेपर आणि ही सुताची गिरणी. बरीच रक्कम आहे की यात."

"कचरा आहे तो," मी म्हणालो. "दहा वर्षं नुसते खाली चाललेत."

"घर पेटलं की लोक काय उचलतात, किरीटभाई?"

"सोनं."

"इथे कुणीतरी सोनं फेकलं आणि कचरा कवटाळून बसलं." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि रक्षाकडे वळल्या. "आवाज कसा होता?"

"काकांचा."

"ते कळलं. कसा होता?"

रक्षाने खाली पाहिलं. "काकांचाच होता, बेन," एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर कितीही विचारलं तरी तिने तोंड उघडलं नाही. काहीतरी ती दाबून ठेवत होती, हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळलं, आणि माझा संशय दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबेनना आणि मला हितेन भेटला तो खोलीतच, चार जणांच्या घोळक्यात. घोळका हसत होता. हितेन छाती पुढे काढून, बशी ओठांना लावल्याचा आविर्भाव करून बोलत होता, "अरे, भाव पडला तर पडू दे, तू कशाला पडतोस?" डोळे मिटले असते तर मी शपथेवर सांगितलं असतं की काका बोलताहेत.

मी हंसाबेनचा हात दाबला. "बेन, सापडला!"

"लग्नांत करतो मी नक्कल," हितेन आम्हाला बघून जरा वरमला. "त्यात काय एवढं?"

"फार छान करता," हंसाबेन म्हणाल्या. "तुमचं काकांशी पटत नाही म्हणे."

"पटेल कसं? महिनाभर सांगतोय, त्या मच्छू टाईल्स फेका, ती गिरणी फेका. कागदाला रद्दीवालाही जास्त देईल. तर म्हणतात, तुला बाजार कळत नाही. म्हातारा हट्टी आहे. पण चोरी ती चोरी. माझ्या काकांना कुणी लुबाडलं तर मी सोडणार नाही."

जिना उतरताना मी म्हणालो, "आयत्या बिळावर नागोबा आहे हा. फोन यानेच केला. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"हो का?" हंसाबेन थांबल्या. "मग त्याने सगळ्यात आधी मच्छू टाईल्स का विकले नाहीत?"

४

दुपारी एक ते चार राजकोटात दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवणं हे शत्रूचं काम. बाजार पेटलेला असो नाहीतर चढलेला असो, जेवून घटकाभर पडल्याशिवाय आमच्याकडचा माणूस पुढचा विचार करत नाही. हंसाबेननी मला सोबत नेऊन काकांच्या घराची कडी नेमकी दोन वाजता वाजवली.

मुक्ताकाकींनी दार उघडलं. "हळू बोला, आत पडलेत."

"झोपलेत?"

"कसले झोपताहेत! सोमवारपासून दुपारची झोप उडाली आहे. पडतात, कूस बदलतात, उठून पाणी पितात. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी म्हणते, गेले ते पैसे गेले, जीव कशाला जाळता?"

हंसाबेन मान हलवत राहिल्या. मग घरचं-दारचं विचारता विचारता म्हणाल्या, "काकी, तुमच्याकडे मुहूर्ताचे शेअर घेतात का हो?"

काकींचा चेहरा उजळला. "घेतात म्हणजे! पूर्वी कागदाचे शेअर असायचे, सुटा एकच शेअर घेणं अवघड असायचं, तेव्हा जमायचं नाही. आता संगणकावर एक शेअरही मिळतो ना! तीन दिवाळ्या झाल्या. लक्ष्मीपूजनाला एकच शेअर. नावाच्या चिठ्ठीला मी कुंकू लावते, मग ते किरीटभाईंकडे जाऊन घेतात. तो मरेपर्यंत विकायचा नाही. घरातली लक्ष्मी कुणी विकतं का?"

"कुठले घेतले?"

"पहिला भादर सिमेंट. मग आजी बेअरिंग. आणि परवाच्या दिवाळीला ऊंड."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्या तीन दिवाळ्यांना चिठ्ठ्या माझ्याच हातात आल्या होत्या. मुहूर्ताच्या तासाभरात शंभर जणांचे असे सौदे असतात, मी विसरून गेलो होतो. रक्षा जानेवारीत आली, तिला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

"हितेनभाई असतात का पूजेला?" हंसाबेननी विचारलं.

"तो? त्याचा विश्वास नाही. दिवाळीला सासुरवाडीला जातो."

तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि काका बाहेर आले. डोळे लाल होते. पण पाहुणे बघताच छाती पुढे आली आणि आवाजही चढला. "अरे हंसाबेन! मुक्ता, गाठिया आण, मिरच्या तळ, कच्च्या पपईचा संभारो काढ. उपाशी पाठवशील तर चंदाराणांचं नाव जाईल."

हंसाबेननी चौकशीचा शब्दही काढला नाही. नुसतं म्हणाल्या, "काका, मी दहा-दहा शेअरची बाई. तुमच्याकडून शिकायला आले. भादर कितीला घेतलात हो?"

मग काय विचारता! भादर अठ्ठेचाळीस रुपये चाळीस पैशांना, ज्या दिवशी हितेनच्या बापाची मुंज... नाही, साखरपुडा होता. आजी एकशे बाराला, दलाल कोण होता, त्याने पान कुठलं खाल्लं होतं, सगळं. पाच कंपन्यांचे पाच भाव, पैशासकट. ऐकताना मलाच कौतुक वाटत होतं. असा माणूस आमच्या गावचा, आमच्या खोलीतला!

"आणि मच्छू टाईल्स?"

काकांनी गाठियाची बशी पुढे सरकवली. "घ्या ना, तुम्ही काहीच घेत नाही."

"शेत्रुंजी पेपर कितीला घेतला होता?"

"ते... आता आठवत नाही. मित्राने आग्रह केला होता. जुनी गोष्ट."

"सुताची गिरणी?"

"मुक्ता, चहाचं काय झालं?"

घराबाहेर पडल्यावर हंसाबेननी ल्युनाला पाय लावला आणि तशाच थांबल्या. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

"फोन कुणी केला, मला कळलं," त्या म्हणाल्या. "पुरावा तर गाठियाबरोबर बशीत वाढून दिला. पण किरीटभाई, मी नाव घेणार नाही."

"का?"

"मी घेतलं तर एक माणूस पडेल. त्याने स्वतः घेतलं तर दोन माणसं उभी राहतील."

५

शनिवारी बाजार बंद असतो, पण त्या शनिवारी साडेअकरालाच माझी खोली भरली. हितेन तक्रारीचा कागद टाइप करून घेऊन आला होता. काका पहिल्या रांगेत, शेजारी मुक्ताकाकी. रक्षा स्टुलावर. तिच्यामागे भीखुभाई, कामावरून सुटून तसेच आलेले, हाताला तेलाचे डाग. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"बारा वाजायला आलेत," हितेन म्हणाला.

"मग मला थोडं बोलू द्या," हंसाबेन म्हणाल्या. "हितेनभाई, तुम्ही बुधवारी फार चांगला प्रश्न विचारला होतात. दहा हातांवर बसणारा माणूस बाहेरून फोन कशाला करेल? मीही तेच विचारत होते. मग वाटलं, या खोलीत उभं राहून 'विक' असं म्हणणं सगळ्यात कठीण कुणाला जाईल? ज्याला ते कठीण जाईल, तो बाहेर जाऊन फोनच करेल. 'परत म्हणू नकोस' असंही तोच सांगेल."

खोलीत कुजबूज झाली. हितेन उसळला, "कोड्यात बोलू नका. माझ्यावर संशय आहे ना तुमचा? नक्कल करतो म्हणून?"

"होता. किरीटभाईंचा तर अजून आहे." लोक हसले. "पण तुम्ही महिनाभर मच्छू टाईल्स फेका म्हणताय. तुम्ही फोन केला असता तर यादीत पहिलं नाव तेच असतं. शिवाय विकताना तीन ठिकाणी एकेक शेअर मागे ठेवला गेला. तो मुहूर्ताचा, लक्ष्मीचा. तुम्हाला तो माहीत नाही, रक्षालाही नाही. ते माहीत असलेली माणसं तीनच. काका, काकी आणि किरीटभाई."

"म्हणजे मी?" माझा आवाज चिरकला.

"तुम्हीसुद्धा. माझ्या वहीत तुमचं नाव लिहून ठेवलं होतं, हवं तर दाखवते."

पुन्हा हसू आलं, पण या वेळी ते लवकर विरलं. काका समोर बघत होते.

"आता त्या तीन कंपन्या, ज्यांना कुणी हात लावला नाही. चोराला फक्त आजचा भाव दिसतो. घेतला कितीला, याच्याशी त्याला काय करायचंय? पण मालकाला आजचा भाव दिसतच नाही, त्याला आपली खरेदी दिसते. भाव खरेदीच्या वर असेल तर भीतीच्या घडीला पटकन विकतो, निदान हे तरी हातात राहू दे म्हणून. आणि तोट्यात असेल तर विकत नाही. न विकलेला तोटा आपण स्वतःशीही कबूल करत नाही. मीही करत नाही. दहा शेअर आहेत माझ्याकडे असे, कपाटात तोंड लपवून बसलेत. यात शरम नाही, माणसाचं मनच असं आहे. सोमवारी विकलेल्या पाचही कंपन्या फायद्यातल्या होत्या, आणि ठेवलेल्या तिन्ही तोट्यातल्या. हे इथल्या कुठल्या कागदावर नाही. खरेदी जुनी, कागदाच्या जमान्यातली, दुसऱ्या दलालाकडची. किरीटभाईंना ठाऊक नाही. काकी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला?" मुक्ताकाकी गोंधळल्या. "या सोमवारच्या आधी आम्हाला कधी तोटा झालाच नाही."

ती बाई इतक्या विश्वासाने बोलली की मी नजर वळवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ तिच्यापुढेही चाळीस वर्षं झाकलेली होती.

"शेवटचं," हंसाबेन हळू आवाजात म्हणाल्या. "विक्री झाल्याचं घरी कळलं बुधवारी. पण त्या घरातली एक झोप सोमवारीच उडाली होती. बस. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला तीन मिनिटं कमी होती. हितेनचा कागद धरलेला हात खाली आला. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं, मागच्या रांगेतल्या लोकांनाही कळलं होतं, आणि सगळे जण जमिनीकडे बघत होते. कुणालाही काकांकडे बघायची हिंमत झाली नाही.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मला वाटलं, आता काका उठतील, अंगरखा झटकतील आणि निघून जातील.

काका उठले.

"फोन मी केला," ते म्हणाले.

६

"जोरात बोलतो, मागे ऐकू गेलं पाहिजे. फोन मी केला. कोपऱ्यावरच्या पीसीओतून.

"भाव पडत होते तोवर मी ठीक होतो. पडणारा आकडा दिसतो, माणूस त्याच्याशी भांडतो. मग थांबले. पडदा गोठला. आता पुढे काय, हे कुणालाच माहीत नाही, आणि तासभर नुसतं बसायचं. तेव्हा आत काहीतरी सुटलं. तुम्हाला चहाचं सांगून गेलो, पण चहाच्या गाडीपर्यंत पाय चालले नाहीत. वाटलं, सगळं जाणार, मुक्ताच्या दोन घासांचंही जाणार. फोन करून परत आलो, तर तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. म्हणून हसलो. त्याचं मला वाईट नाही वाटत, तुमचे तरी वाचले. वाईट बुधवारचं वाटतं. किरीटने विचारलं तेव्हा 'हो' म्हणायला एक अक्षर लागत होतं. मी वर बघितलं, तुम्ही चाळीस जण दिसलात, आणि ते अक्षर तोंडातून निघेना."

मुक्ताकाकींनी त्यांचा हात धरला होता. त्यांनी तो सोडवला नाही. तसेच रक्षाकडे वळले.

"तुला आवाज ओळखू आला होता. नक्कल नाही, हे तुला माहीत होतं. हितेन नक्कल करतो ती माझ्या फुशारकीची. माझी भीती त्याने कधी ऐकलीच नाही, तो नक्कल कशी करणार? तू ऐकलीस. एक शब्द सांगितला असतास, की म्हातारा फोनवर रडत होता, तर हंसाबेननी पहिल्याच दिवशी तुला सोडवलं असतं. का नाही बोललीस?"

रक्षा उभी राहिली. "तुम्ही म्हणालात, बेटा, माझा आवाज असा होता हे कुणाला सांगू नकोस. मी हो म्हटलं होतं."

"पोलिस आले असते तरी?"

"हो म्हटलं होतं ना, काका."

हितेनने हातातला कागद फाडला, पुन्हा फाडला, आणि तुकडे कुठे टाकावेत ते न कळून खिशात घातले.

काका चालत भीखुभाईंपर्यंत गेले आणि वाकायला लागले. भीखुभाईंनी तेलकट हातांनी त्यांना वरच्यावर धरलं. "हे नको, काका. माझी पोर खोटी नाही, एवढंच ऐकायला आलो होतो."

"खोटी?" काकांचा आवाज फाटला, आणि त्यांनी तो लपवला नाही. "चाळीस वर्षं शब्दावर सौदे केले मी, कागद नंतर व्हायचे. ज्यांनी शब्द फिरवला ते पाहिले, ज्यांनी पाळला तेही पाहिले. स्वतःची अब्रू जात असताना दुसऱ्याला दिलेला शब्द पाळणारा मला बाजारात भेटला नव्हता. तुमच्या घरात आहे, भीखुभाई. मान वर करून जा."

भीखुभाईंची मान वर होतीच, पण आता खांदेही सरळ झाले. लेथवर वाकून वाकून गेलेले ते खांदे, त्यांच्या मुलीला बघणाऱ्या चाळीस जणांसमोर. मला सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले. माझी खोली काकांच्या तोंडाकडे बघून चालते, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी कळलं की अभिमान धरावा असं माणूस मी चार दिवस स्टुलावर बसवून ठेवलं होतं.

"चल," भीखुभाई तिला म्हणाले. "आई जेवायची थांबली आहे."

"एक मिनिट, पप्पा." ती माझ्या टेबलाशी आली. "किरीटभाई, सोमवारी टर्मिनलवर मी बसायचं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एका अक्षराचं काम होतं.

"हो," मी म्हणालो, आणि उभा राहून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आणि रक्षाबेन, मला माफ कर."